काडेपेटीची गोष्ट : एक पांढरा, एक तांबडा



आज आपण काडेपेटीबद्दल बोलू. गॅसला लायटर आला, तरी देवापुढे, चुलीपुढे आणि लाइट गेल्यावर आपला हात काडेपेटीकडेच जातो. दोन रुपयांची वस्तू. पण ती आपल्या हातात अशी निर्धोक येईपर्यंत काय काय घडलं, कुणाकुणाच्या जबड्याची हाडं कुजली, याचा इतिहास मी वाचला तेव्हा माझी झोप उडाली होती. माझं बी.ए. इतिहास घेऊन झालं, विज्ञान दहावीपर्यंतचंच. तरी या गोष्टीत इतिहास आणि विज्ञान एकमेकांत असे गुंतलेत की एक सोडून दुसरं सांगता येत नाही.

काडेपेटी नव्हती तेव्हा विस्तव ही सांभाळायची चीज होती. रात्री चूल आवरताना निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, पहाटे फुंकणीनं फुलवायचे. विझलेच तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारच्या घरी विस्तव मागायला जायचं. नाहीतर चकमक आणि कापूस घेऊन ठिणग्या पाडत बसायचं. यात वेळ कुणाचा जात होता ते मी वेगळं सांगायला नको.

आता मुलांच्या पुस्तकातला एक धडा आठवा. पदार्थाचे गुणधर्म आणि त्यात होणारे बदल. दोन रकाने असतात. एकात भौतिक बदल : बर्फ वितळलं, मीठ पाण्यात विरघळलं, मेण पातळ झालं. पदार्थ तोच राहतो, रूप बदलतं, बहुतेक वेळा परतही आणता येतं. दुसऱ्यात रासायनिक बदल : लाकूड जळलं, लोखंड गंजलं, दूध नासलं. तिथं नवाच पदार्थ तयार होतो. मुलं पाठ करतात, दोन मार्क मिळवतात, विसरतात. आपल्या काडेपेटीच्या गोष्टीत मात्र याच दोन रकान्यांवर माणसांचं जगणं-मरणं ठरलं.

सुरुवात होते १६६९ साली, जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात. हेनिग ब्रांड नावाचा एक माणूस सोनं तयार करायच्या नादाला लागला होता. सोनं पिवळं, लघवीही पिवळी, तेव्हा लघवीत सोनं असणार असा त्याचा हिशोब. हसू नका, त्या काळात असं मानणारे शहाणे लोक बरेच होते. त्यानं बादल्याच्या बादल्या लघवी साठवली, आटवली, उरलेला गाळ खूप तापवला. सोनं काही निघालं नाही. निघाला मेणासारखा एक पदार्थ, जो अंधारात आपोआप चमकत होता. त्याला नाव पडलं फॉस्फरस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ प्रकाश आणणारा.

हा पांढरा फॉस्फरस. त्याचे गुण बघा. दिसायला मेणासारखा, सुरीनं कापता येतो, वास लसणासारखा. चव्वेचाळीस अंशाला वितळतो. पाण्यात विरघळत नाही. हे झाले भौतिक गुणधर्म. रासायनिक गुणधर्म असा की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची फार जवळीक. तिशीच्या थोडं पुढच्या तापमानाला तो उघड्यावर पेट घेऊ शकतो. म्हणजे आपल्याकडच्या चैत्रातल्या दुपारी ताटलीत ठेवला तर काडी लावायलाच नको. म्हणून तो पाण्यात बुडवून ठेवतात. आणि तो विषारी आहे, अगदी थोडासा पोटात गेला तरी जीव घेतो.

पुढची दीडशे वर्षं हा फॉस्फरस शास्त्रज्ञांच्या आणि गमतीजमती दाखवणाऱ्यांच्याच कामाचा होता. घासून पेटणारी पहिली विकाऊ काडी आली ती १८२७ साली, आणि तिच्यात फॉस्फरस नव्हताच. इंग्लंडमधल्या स्टॉक्टन गावच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्यानं पोटॅशियम क्लोरेट, अँटिमनी सल्फाइड, डिंक आणि खळ यांचं मिश्रण काडीच्या टोकाला लावलं. घडी घातलेल्या खरकागदातून काडी ओढली की पेटायची. कधी पेटायची, कधी नाही, कधी पेटतं टोक गळून लुगड्यावर, म्हणजे त्यांच्या झग्यावर पडायचं. त्यानं पेटंटही घेतलं नाही.

१८३० च्या सुमारास फ्रान्समध्ये शार्ल सोरिया यानं त्या मिश्रणात पांढरा फॉस्फरस घातला. आता काडी कशावरही घासा, भिंतीवर, बुटाच्या तळाला, झटक्यात पेटणार. लोकांना दुसरं काय हवं होतं? युरोपभर कारखाने निघाले. काड्या फॉस्फरसच्या लगद्यात बुडवायच्या, वाळवायच्या, कापायच्या, पेट्यांत भरायच्या. कौशल्य नको, ताकद नको, बोटं चपळ हवीत. म्हणजे कामाला कोण आलं? बायका आणि पोरी. मजुरी कमी, आणि गरजवंत पुष्कळ.

पुढचा शब्द लहान मुलं जवळ असतील तर जरा सांभाळून ऐका. फॉस्फरसची वाफ दिवसभर नाकातोंडात जायची. किडक्या दाताच्या वाटेनं ती जबड्याच्या हाडापर्यंत पोचायची. आधी दात दुखायचा, मग गाल सुजायचा, मग हाड आतल्या आत मरायला लागायचं. पू व्हायचा, आणि दुर्गंधी इतकी की घरचे माणसं जवळ बसायची नाहीत. जबडा काढून टाकणं हाच उपाय. व्हिएन्नाच्या लोरिन्सर या डॉक्टरनं १८४५ साली या रोगाबद्दल लिहिलं. म्हणजे काड्या बाजारात येऊन पंधरा वर्षं होतात न होतात तोच रोग कागदावर आला होता. हे साल लक्षात ठेवा.

त्याच सुमाराला, त्याच व्हिएन्नात, आंटोन श्रोटर या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की पांढरा फॉस्फरस हवा लागू न देता साधारण अडीचशे अंशांपर्यंत तापवत ठेवला तर तो तांबडा होतो. त्यात बाहेरून काहीच घातलेलं नाही. वजनाला तेवढाच, फॉस्फरसच. पण गुण बघा : अंधारात चमकत नाही, वास नाही, उघड्यावर ठेवला तरी पेटत नाही, त्याला अडीचशेच्या आसपास तापमान लागतं. आणि विषारी नाही.

पदार्थ तोच आणि गुण इतके वेगळे, हे कसं? मी असं समजून घेतलं. पांढऱ्या फॉस्फरसमध्ये चार-चार अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण जागा इतकी अडचणीची की सगळ्यांचे हात ताणलेले. चौघींनी अगदी जवळ येऊन वेगानं फुगडी धरल्यासारखं. जरा धक्का लागला की सुटतात आणि ऑक्सिजनला जाऊन चिकटतात. तांबड्यात तेच अणू हात धरून लांब साखळीत उभे राहतात, ताण नाही, घाई नाही. आता हा बदल पुस्तकातल्या कुठल्या रकान्यात घालायचा? पदार्थ तोच राहिला म्हणून भौतिक म्हणावं, तर अणूंचे जुने बंध तुटून नवे जुळलेत. दोन रकाने मुलांच्या सोयीसाठी ठीक आहेत, निसर्ग काही ते बघून चालत नाही.

तांबड्या फॉस्फरसची काडी करणं मात्र सोपं नव्हतं. तो आणि पोटॅशियम क्लोरेट एकत्र खलले की घासायच्या आधीच भडका. दोघांना एका घरात ठेवायची सोय नाही. त्यावर स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यानं १८४४ साली तोड काढली : दोघांचं बिऱ्हाड वेगळं करायचं. एक काडीच्या गुलावर, दुसरा पेटीच्या कडेवर. जेव्हा गरज तेव्हाच त्यांची गाठ. पुढे यॉनशॉपिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी तांबडा फॉस्फरस वापरून अशा पेट्या मोठ्या प्रमाणावर काढल्या. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचा गौरवही झाला. आपली आजची काडेपेटी ती हीच.

आता तुमच्या हातातली काडी घ्या. गुलावर पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड, सरस आणि रंग. पेटीच्या कडेच्या करड्या-तपकिरी पट्टीवर तांबडा फॉस्फरस आणि काचेची पूड. घासलं की उष्णता होते आणि तेवढ्या रेघेवरचा अगदी कणभर तांबडा फॉस्फरस पांढरा होतो. हो, तोच विषारी पांढरा, पण कणभर आणि क्षणभर. तो लगेच पेटतो. त्या आचेनं क्लोरेट फुटतं आणि त्यातून ऑक्सिजन निघतो. त्यावर गंधक जळतं, म्हणून तो नाकात जाणारा वास. काडीला मेण पाजलेलं असतं, ते वितळतं, त्याची वाफ होते. इथवर भौतिक बदल. मग ती वाफ जळते, हा रासायनिक. तिच्या आचेवर लाकूड पेटतं. चांगल्या काडीचं लाकूड एका क्षारात भिजवलेलं असतं, त्यामुळे फुंकर मारल्यावर निखारा धुमसत राहत नाही. हे सगळं आपण देवाला उदबत्ती लावताना सेकंदाभरात होतं.

आता पुन्हा सालं मोजा. रोग माहीत झाला १८४५ ला. निर्धोक फॉस्फरस सापडला त्याच दशकात. निर्धोक पेटी बाजारात आली १८५५ पर्यंत. म्हणजे पांढरा फॉस्फरस तिथंच बंद व्हायला हवा होता ना? तो पुढची पन्नास वर्षं चालू राहिला. कारण पांढऱ्याची काडी स्वस्त पडायची, कुठंही घासून पेटायची, गिऱ्हाईक तीच मागायचं. लंडनच्या पूर्व भागात बो नावाची वस्ती आहे. तिथल्या ब्रायंट अँड मे या कंपनीकडे लुंडस्ट्रॉमच्या पेटीचे इंग्लंडपुरते हक्क १८५५ पासून होते. ते ती पेटी करायचेही. आणि त्याच जोडीला पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्याही करायचे, कारण खप तिचा. त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

इथं ॲनी बेझंट येतात. आपल्याला त्या होमरूल चळवळीमुळे माहीत असतात. १९१६ साली टिळकांची होमरूल लीग निघाली आणि बेझंटबाईंचीही, १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या भारतात आल्या १८९३ मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधी, लंडनमध्ये, त्यांनी या कारखान्याच्या पोरींना फाटकाबाहेर गाठून विचारपूस केली आणि २३ जून १८८८ ला आपल्या 'द लिंक' या पत्रात लेख लिहिला. मथळा होता, लंडनमधली गोरी गुलामगिरी.

त्यांनी लिहिलेले तपशील वाचताना मला आपलीच मजुरी-वही वाचल्यासारखं झालं. पाय मळके असले तर तीन पेन्स दंड. बाकाखाली कचरा दिसला तर तीन पेन्स दंड. उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. एवढ्या कापलेल्या पोरींच्या जिवावर भागधारकांना वीस टक्क्यांहून जास्त लाभांश. कारखान्याच्या मालकानं त्या वस्तीत पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा पुतळा उभारला, आणि त्यासाठी आपल्या मजुरीतून एकेक शिलिंग कापला गेला असं पोरींनी बेझंटबाईंना सांगितलं. तो पुतळा आजही तिथं आहे आणि त्याचे हात लोकांनी लाल रंगवलेले आहेत.

शिवाय घरकाम होतंच. रिकाम्या पेट्या चिकटवायचं काम बायका घरी न्यायच्या, पोरंबाळं धरून करायच्या. एक ग्रोस, म्हणजे १४४ पेट्यांमागे सव्वादोन ते अडीच पेन्स. खळ आणि दोरा बाईनं आपल्या पैशानं आणायचा. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, लेस विणणाऱ्या बायकांना हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही.

लेख छापून आल्यावर कंपनीनं एक कागद फिरवला. आमचं बरं चाललंय, लेख खोटा आहे, सही करा. बायकांनी सही केली नाही. एकीला कामावरून काढलं, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या बाहेर पडल्या. सुमारे चौदाशे बायका आणि पोरी. बेझंटबाईंनी संप घडवला असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. मला ते पूर्ण पटत नाही. लेख त्यांचा, निधी गोळा करायला त्यांची मोठी मदत, पण बाहेर पडल्या त्या बायका आपणहून. सारा चॅपमन ही त्यांच्यातलीच कामगार, संपाच्या समितीवर होती. त्यांचं शिष्टमंडळ पार्लमेंटच्या सभासदांना जाऊन भेटलं. पंधरवड्याच्या आत कंपनी नमली. दंड बंद, कापाकापी बंद, सगळ्यांना कामावर परत घ्यायचं, आणि जेवायची जागा कामाच्या जागेपासून वेगळी करायची.

या शेवटच्या अटीकडे मी पुन्हा पुन्हा जाते. तोवर पोरी कामाच्या बाकावरच पाव खायच्या. हाताला फॉस्फरस, हवेत फॉस्फरस, पावावर फॉस्फरस. रसायनशास्त्राचं एक अक्षर न शिकलेल्या बायकांनी दंडाच्या जोडीला जेवणाची खोली मागितली. त्या काळात या रोगावर याहून साधा आणि बरा बचाव नव्हता.

पण पांढरा फॉस्फरस संपानं गेला नाही, हे सांगितलंच पाहिजे. संपानं मजुरीचा प्रश्न सोडवला, काडीच्या टोकावरचा नाही. १८९१ मध्ये साल्व्हेशन आर्मी या संस्थेनं लंडनमध्ये तांबड्या फॉस्फरसचा कारखाना काढून जास्त मजुरी देऊन दाखवली, पण त्यांची पेटी महाग पडायची आणि दहाएक वर्षांत तो कारखाना बंद झाला. १८९८ साली ब्रायंट अँड मे कंपनीनं जबड्याच्या रोगाची प्रकरणं सरकारपासून लपवल्याचं उघड झालं, तिला दंड झाला. बायकांच्या मळक्या पायांना दंड करणाऱ्यांनाच अखेर दंड. त्याच साली फ्रान्समध्ये फॉस्फरस आणि गंधक यांचं एक संयुग काडीसाठी वापरात आलं. कुठंही घासून पेटणारं, पण तो रोग न करणारं. म्हणजे उरलीसुरली सबबही गेली. १९०१ मध्ये ब्रायंट अँड मेनं पांढरा फॉस्फरस सोडला. १९०६ ला स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात काही देशांनी मिळून बंदीचा करार केला, ब्रिटननं १९०८ मध्ये कायदा केला, आणि आपल्या देशात पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्यांना बंदी घालणारा कायदा १९१३ साली आला. फिनलंडनं मात्र हीच बंदी १८७२ मध्ये आणि डेन्मार्कनं १८७४ मध्ये घातली होती. तेवढ्यानं त्यांच्या चुली काही विझल्या नव्हत्या.

भारतात तेव्हा काड्या बाहेरून यायच्या, स्वीडनच्या आणि जपानच्या. १९२२ च्या सुमारास आयात जकात वाढल्यावर स्वीडनच्या कंपनीनं इथंच कारखाना काढायचं ठरवलं आणि १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, निघाली. ठाणे जिल्ह्यातलं अंबरनाथ तिच्यामुळे काडेपेटीचं गाव झालं. त्याच काळात तमिळनाडूतल्या शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोघं भाऊबंद कलकत्त्याला जाऊन हा धंदा शिकून आले आणि दुष्काळी मुलखात हातकामाचे कारखाने उभे राहिले. आपल्या दुकानात येणारी बहुतेक पेटी आज त्याच भागातली. फॉस्फरस तांबडा, जबडे शाबूत. पण चौकटीत काड्या भरणारे हात पुन्हा बायकांचे आणि बराच काळ लहान मुलांचे होते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात ज्या कामांवर मुलांना ठेवायला बंदी केली, त्यांच्या यादीत आगकाड्यांचं काम नाव घेऊन लिहावं लागलं.

आमच्या भागातल्या एका बचत गटाकडे मध्यंतरी एका व्यापाऱ्यानं काम आणलं. पातळ साबण बाटल्यांत भरायचा, बाटलीमागे पैसे. ड्रम आले, त्यांची लेबलं फाडलेली. एकीनं त्यात पाणी घातल्यावर ड्रम गरम झाला म्हणून बायका थबकल्या. नुसतं मिसळून ड्रम गरम होत असेल तर आत काहीतरी तिखट आहे, इतकं त्यांनी ओळखलं. विचारलं तर, तुम्हाला काय करायचंय, हे उत्तर. गटानं ड्रम परत पाठवले. काम गेलं, महिन्याचे पैसे गेले, आणि दोन घरांत त्यावरून बोलणीही बसली. आता गटाच्या ठरावाच्या वहीत एक ओळ आहे : आत काय आहे ते लिहून मिळाल्याशिवाय माल उतरवून घ्यायचा नाही. आणि जेवणाचे डबे वेगळ्या खोलीत.

मागच्या भागानंतर एका ताईंनी निरोप पाठवून विचारलं होतं की पावसाळ्यात सर्दावलेल्या काड्या उन्हात ठेवल्या की काही पेटतात आणि काही कायमच्या वाया जातात, असं का. नुसती ओल धरलेली असेल तर सरस मऊ पडलेला असतो. ऊन दिलं की पाणी उडून जातं, काडी पुन्हा पहिल्यासारखी. पण पेटी पाण्यातच पडली असेल तर गुलातलं पोटॅशियम क्लोरेट विरघळून निघून जातं. मग गूल कितीही सुकवा, आत ऑक्सिजन देणारंच कुणी उरत नाही. अशा काड्या पोरांना हिशोब शिकवायला द्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधायला बऱ्या.